खिशातली डबी : वस्तू कुठून आणायच्या, कशात भरायच्या

(मालवण येथे जुलै अखेरीस झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

 

सुरुवातीला एक छोटंसं काम करू. सगळ्यांनी आपापले खिसे चाचपून बघा. बायकांनी पर्स बाजूला ठेवायची, फक्त अंगावर काय आहे ते बघायचं. काय निघालं? मोबाईल, पाकीट, गाडीची चावी. कुणाकडे तंबाखूची पुडी, ती आम्ही पाहिली नाही असं समजा. (हशा) आता समजा, तुम्ही याच क्षणी पाण्यात पडलात. मोबाईल गेला. पाकिटातल्या नोटांचा लगदा झाला. चावीचा समुद्रात उपयोग नाही. मग उरलं काय? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

१ ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठेल. होड्या रंगवून झाल्यात, जाळी विणून झालीत, इंजिनं उघडून बसवून झालीत. माणसाची तयारी मात्र कोणी बघत नाही. म्हणून हा दिवस निवडला. आम्ही इथे टेबलावर जे मांडलंय त्यातलं जवळजवळ सगळं मालवणच्या बाजारात एका सकाळी फिरून गोळा केलेलं आहे. परदेशातून मागवलेलं काही नाही. का नाही, ते पुढे सांगतो. त्यात आमचीच फजिती आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

खिशातली डबी ही शेवटची गोष्ट आहे, पहिली नव्हे. पहिली गोष्ट लाईफ जॅकेट. दुसरी, होडीवरचा वायरलेस. व्हीएचएफचा १६ नंबरचा चॅनेल संकटासाठी राखीव असतो, तो कसा लावायचा हे तांडेलाबरोबर होडीवरच्या प्रत्येक खलाशाला यायला हवं. तिसरी, इस्रोनं विकसित केलेलं ‘डॅट’ नावाचं यंत्र. बटण दाबलं की संकटाचा संदेश उपग्रहामार्फत तटरक्षक दलाकडे जातो, आणि नव्या पिढीच्या यंत्रात संदेश पोहोचल्याची पोचही बोटीवर मिळते. हे सगळं असताना डबी कशाला, असं कोणी विचारेल. तर या सगळ्या गोष्टी होडीवर असतात. होडी आणि माणूस वेगळे झाले की मग काय?

अभिलाष टॉमी यांचं नाव तुम्हाला माहीत आहे. नौदलातले माजी अधिकारी, शिडाच्या बोटीतून एकट्यानं जगप्रदक्षिणा केलेले. २०१८ साली ते ‘तुरीया’ नावाच्या बोटीतून गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. ही बोट आपल्या शेजारी गोव्यातच बांधलेली. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळानं बोट उलटली, डोलकाठ्या मोडल्या, आणि त्यांच्या पाठीला इतकी जबर दुखापत झाली की हलता येईना. संकटासाठी भरून ठेवलेली एक पिशवी बोटीवर होती, तिच्यात जादा सॅटेलाईट फोन होता. पण त्या पिशवीपर्यंत त्यांना पोहोचता येत नव्हतं. बोट लहानशी, पिशवी काही पावलांवर, तरी पोहोचता येईना. दुसऱ्या यंत्रावरून मजकूर पाठवता येत होता म्हणून संपर्क राहिला, आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांची सुटका केली.

आमच्या ओळखीचे एक म्हातारे नाखवा हेच त्यांच्या भाषेत सांगायचे, "होडयेत काय आसा ता इचारू नको. आंगार काय आसा ता सांग." आमच्या दीड तासाच्या व्याख्यानापेक्षा हे वाक्य भारी आहे. ते घेऊन कोणी आत्ता घरी गेलं तरी चालेल. (हशा)

आणि हे काही दूरच्या महासागरातलंच नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक होड्या समुद्रातच होत्या. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आलं, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ बोटी भरकटत आपल्या जिल्ह्याच्या आसऱ्याला आल्या, ९५२ माणसं होती त्यांवर. १६ मे २०२१ ला तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. देवगडला तर बंदरात नांगरलेल्या बोटींवरची माणसं गेली. खोल समुद्रातली नव्हे, बंदरातली. म्हणजे ‘आम्ही लांब जातच नाही’ हे उत्तर पुरत नाही.

ही कल्पना आपल्याला नवी नाही

इंग्रजी पुस्तकांत याला मोठमोठी नावं आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एमआय-९ या खात्यानं शत्रूच्या मुलखात उतरावं लागलेल्या वैमानिकांसाठी अशी डबी तयार केली. क्रिस्टोफर क्लेटन हटन हे त्यामागचे गृहस्थ. सुरुवातीला त्यांनी सिगारेटचे चपटे पत्र्याचे डबे वापरले, ५० सिगारेटी मावणारे. कारण ते तयार मिळत होते आणि खिशात बसत होते. आत दुधाच्या गोळ्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, काड्या, होकायंत्र, पाण्यासाठी रबराची पिशवी. पुढे पत्रा जाऊन प्लास्टिकची डबी आली.

पण आपल्याकडे काय होतं? चंची होती. कापडाची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून कमरेला खोचायची. पान, सुपारी, चुना, अडकित्ता, आणि जुन्या काळी चकमक. आग पेटवायचं साधन, धारेचं साधन, दोन्ही कमरेला. आजीचा बटवा होता. आणि आजही आपल्या बायकांच्या बांगडीला दोन-तीन सेफ्टीपिना अडकवलेल्या असतात. चप्पल तुटली, पदर फाटला, काटा रुतला, हात बांगडीकडे जातो. डोक्यात विचारसुद्धा येत नाही. आम्हाला वाटतं, हीच खरी तयारी. वस्तू अंगावर आहे आणि हाताला तिची जागा पाठ आहे.

आमची फजिती

आता ती गोष्ट. आमच्यातल्या एकाच्या भाच्यानं अमेरिकेहून पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी आणली होती. बिजागरीचं झाकण, तळहातात मावेल अशी. तिकडे लोक त्या डबीत असा संच भरतात, म्हणून आम्हीही मोठ्या हौसेनं भरला. काड्या, छोटा टॉर्च, गोळ्या, ब्लेड, सगळं. दोन वर्षं ती डबी एकाच्या खिशात होती.

ऑक्टोबरमधली गोष्ट. निवतीच्या बाजूनं परत येताना छोट्या होडीचं इंजिन बंद पडलं. दिवस मावळला, वारा जमिनीकडून, होडी हळूहळू बाहेर चालली. एक मोबाईल भिजला, दुसऱ्याला रेंज नाही. मग अभिमानानं डबी काढली. उघडेचना! बिजागरी गंजून एकजीव झालेली. ओल्या बोटांनी झटापट करून एकदाची उघडली, तर आत काड्यांचा चिखल, टॉर्चचा सेल फुटून पांढरी भुकटी, गोळ्यांचा रंग बदललेला. आमच्या खारट हवेनं दोन पावसाळ्यांत डबीची रक्षा केली होती.

मग सुटलो कसे? आमच्यातल्या एकाच्या टोपीला रेडियमची पट्टी चिकटवलेली होती, सहज म्हणून, मोटारसायकलवरून रात्री जाताना दिसावं म्हणून. मागून येणाऱ्या एका बोटीच्या प्रकाशझोतात ती पट्टी चमकली. त्यांना होडी दिसली नव्हती, टोपी दिसली. त्या पट्टीची किंमत पाच रुपयेसुद्धा नसेल.

त्या रात्रीनंतर आम्ही सगळं पहिल्यापासून करायला घेतलं. पुस्तकातली यादी बाजूला ठेवली आणि आपली हवा, आपला समुद्र, आपला बाजार धरून विचार केला.

डबी कोणती?

डबीला तीन परीक्षा. एक, पाणी आत जाता कामा नये. दोन, ओल्या, थंड, थरथरत्या हातानं उघडली पाहिजे, जमलं तर एका हातानं. तीन, ती खिशात ठेवून तुम्ही वाकलात, बसलात, वल्हं मारलंत तरी टोचता कामा नये. टोचणारी डबी चौथ्या दिवशी घरी राहते.

पत्र्याची डबी आम्ही बाद केली. साधा पत्रा इथे टिकत नाही. कंपास पेटीचं मात्र थोडं वेगळं आहे. मराठी घरात जुनी कंपास पेटी नाही असं घर दाखवा! नावात कंपास, पण दिशा दाखवणारा कंपास तिच्यात कधीच नसतो, आपण तो घालू. (हशा) ही पेटी पाणी रोखत नाही आणि गंजतेही, पण घरातल्या संचासाठी, कपाटात ठेवायला, उत्तम. कप्पे आपोआप मिळतात.

खिशासाठी काय? भांड्यांच्या दुकानात स्टीलची छोटी डबी मिळते, फिरकीच्या झाकणाची. स्टील गंजाला दाद देत नाही, डबी आगीवर ठेवता येते, म्हणजे पाणी उकळता येतं, आणि झाकण आतून घासून ठेवलं तर आरशासारखं चमकतं. झाकणाच्या आत रबराची चकती नसेल तर सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा आणा आणि चकती कापून बसवा.

दुसरा पर्याय फुकटचा. पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या ज्या नळीत येतात ती नळी. मेडिकलवाल्याला किंवा शेजारच्या काकांना सांगून ठेवा. तिच्या झाकणातच ओल शोषणारे दाणे असतात. नळी लांबट, शर्टाच्या खिशात पेनासारखी बसते. काड्या, कापूर, गोळ्या यांना हिच्यासारखी जागा नाही. पूर्वी फोटो स्टुडिओत कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या ढिगानं मिळायच्या, त्या आता गेल्या. कुणाच्या माळ्यावर असतील तर जपून ठेवा.

तिसरा पर्याय प्लंबिंगच्या दुकानात. दीड इंची पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा, एका टोकाला चिकटवलेलं टोपण, दुसऱ्याला आट्यांचं झाकण. आट्यांवर नळवाले गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. ही डबी खिशात जाड वाटते, पण होडीत बांधून ठेवायला किंवा लाईफ जॅकेटला अडकवायला याहून दणकट काही नाही. आत थोडी हवा राहिली की तरंगतेही. मात्र तरंगते की नाही हे भरल्यानंतर बादलीत टाकून बघा, भरायच्या आधी नव्हे.

आणि परीक्षा कशी घ्यायची? वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा डबीत घाला, झाकण लावा, दगड बांधून रात्रभर बादलीच्या तळाशी ठेवा. सकाळी कागद कोरडा तर डबी पास. आम्ही गेल्या वर्षी नऊ डब्या तपासल्या, त्यातल्या चार नापास झाल्या. नापास झालेल्यांत सगळ्यात महागडी डबीसुद्धा होती. झाकणाभोवती इलेक्ट्रिकची टेप दोन वेढे मारली की उरलीसुरली भीती जाते. टेपचं टोक दुमडून ठेवायला विसरू नका, नाहीतर ओल्या नखानं ते सापडत नाही.

आता बाजारात फिरू

*रेडियमवाला.* आधी इथे, कारण ज्यानं आम्हाला वाचवलं त्याचा मान पहिला. गाड्यांवर नंबर आणि नावं चिकटवणाऱ्याकडे कापून उरलेले तुकडे असतात. त्या पट्टीवर पडलेला उजेड जिथून आला तिथेच परत जातो, म्हणून शोधणाऱ्याला ती झगझगीत दिसते. टोपीवर, जॅकेटच्या खांद्यावर आणि डबीवर लावा. सेल लागत नाही, बटण लागत नाही, माणूस बेशुद्ध असला तरी पट्टी काम करते.

*खेळाच्या सामानाचं दुकान.* शिट्टी घ्या. आत गोळी नसलेली, प्लास्टिकची. गोळीची शिट्टी पाण्यानं भरली की गोळी अडकते. धातूची शिट्टी गंजते. आपला आवाज पंधरा-वीस मिनिटं ओरडलं की बसतो, शिट्टी श्वास आहे तोवर वाजते. ती डबीत ठेवायची नाही! गळ्यात किंवा जॅकेटच्या चेनला.

*आरसा.* दाढीचा छोटा आरसा, किंवा घरात पडलेली जुनी सीडी. सीडीला मधे भोक असतं, त्याचा फायदा बघा. एक हात लांब करून दोन बोटांचा ‘व्ही’ करायचा, त्यात दूरची बोट धरायची. सीडी डोळ्याजवळ घेऊन भोकातून बघायचं आणि उन्हाची चमक आपल्या बोटांवर पाडायची. चमक बोटांवर आली की ती बोटीवरही जाते. मग किंचित हलवत राहायचं. स्वच्छ उन्हात ही चमक कित्येक किलोमीटरवरून दिसते. आज घरी जाऊन सराव करा, पण कुणा गाडीवाल्याच्या डोळ्यात पाडू नका. सीडी खिशात मावत नसेल तर स्टीलच्या झाकणावर भागवा.

*पूजेच्या सामानाचं दुकान.* इथे आपला हुकमी एक्का आहे, कापूर. कापराची वडी ओल्या जागेतही पेट घेते. एक वडी पेटली की ओलसर काथ्याही धरतो, आणि नारळाचा काथ्या आपल्याला कुठे विकत आणायचाय? पण कापराला दोन खोडी. उघडा ठेवला की हवेत उडून जातो, डबी रिकामी सापडते. म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून हवाबंद नळीत. आणि तो पोटात गेला तर विषारी, म्हणून गोळ्यांपासून वेगळा, मुलांपासून लांब.

काड्यांचं काय? साध्या आगपेटीतल्या काड्यांची डोकी वितळलेल्या मेणात बुडवून घ्या. आगपेटीची घासायची पट्टी कापून बरोबर ठेवायला विसरू नका, त्याशिवाय या काड्या पेटत नाहीत. आम्ही एकदा विसरलो होतो. पण ऐका, हे सगळं किनाऱ्यासाठी आहे. होडीत डिझेल-पेट्रोल असतं. होडीवर आग पेटवायची नाही, कधीही नाही.

*मेडिकल.* जीवनरेखा मिठाचं, म्हणजे ओआरएसचं मोठं पाकीट, एक लिटर पाण्यासाठीचं. पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या. त्या घेताना एक गोळी किती लिटरसाठी आहे ते वाचा; एक लिटरची वेगळी, वीस लिटरची वेगळी. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. आणि क्लोरीननं जंतू मरतात, मीठ जात नाही. समुद्राचं पाणी या गोळ्यांनी पिण्याजोगं होत नाही, ते प्यायलं तर तहान वाढते आणि माणूस लवकर जातो. हे आपल्या मुलांनाही पुन्हा सांगायला हवं. याशिवाय ज्याची त्याची रोजची औषधं, दोन दिवसांची. मधुमेह असेल तर ग्लुकोज किंवा साखरेची पुडी. पट्ट्या चार. बस्स. अख्खं दुकान भरू नका.

*जाळ्यांचं दुकान.* आता इथे तुम्ही आम्हाला शिकवाल. तंगूस आणि गळ हे जगातल्या प्रत्येक यादीत असतात. मालवणात गळाशिवाय डबी म्हणजे कोणी हसेल. तरी आम्ही गळाला शेवटचं स्थान देतो. कारण मासे पचवायला शरीराला पाणी लागतं. पाणी नसताना मासे खाल्ले तर तहान वाढते. आणि माणूस अन्नाशिवाय बरेच दिवस काढतो, पाण्याशिवाय तीनेक दिवसच. म्हणून तंगूस घ्या, पण मुख्यतः बांधायला, शिवायला. पाच-सहा मीटर नायलॉनची बारीक दोरी, एक दाभण. दोन गळ टाका हवे तर, टोकाला बुचाचा तुकडा खोचून.

*स्टेशनरी आणि झेरॉक्स.* कटरचं ब्लेड, पुठ्ठ्यात गुंडाळून. पेन्सिलीचं थोटूक, कारण पेनाची शाई ओल्यात पसरते, पेन्सिल नाही. आणि एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी. तिच्यावर तुमचं नाव, रक्तगट, घरचे दोन नंबर आणि हे चार: ११२ सर्व तातडीच्या मदतीसाठी, १०८ रुग्णवाहिका, १५५४ तटरक्षक दल, १०९३ सागरी पोलीस. मोबाईल गेला की घरचा नंबर तरी किती जणांना पाठ आहे? हात वर करा. बघा, चारच हात.

*जत्रेतला स्टॉल.* आंगणेवाडीच्या जत्रेत किचेनला लावलेलं छोटं होकायंत्र मिळतं. घ्यायला हरकत नाही, पण तपासा. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात की पश्चिम समोर, म्हणजे उत्तर उजव्या हाताला. सुई तिकडे गेली पाहिजे. मोबाईल, ब्लेड, साध्या पत्र्याची डबी जवळ असेल तर सुई खोटं बोलते, तेव्हा लांब धरून बघा. आणि सुई हरवली तरी आपल्या किनाऱ्याचं एक मोठं सुख आहे. जमीन नेहमी पूर्वेला. सकाळी सूर्य जिथे उगवतो, घर तिथे.

*छोटा टॉर्च.* बटणाच्या सेलचा. सेल आणि पट्टी यांच्यामधे प्लास्टिकचा बारीक तुकडा सरकवून ठेवा, म्हणजे सेल उतरत नाही. लागेल तेव्हा तुकडा ओढायचा.

जमिनीवरची डबी

आतापर्यंत समुद्राचं बोललो. पण तौक्तेनंतर काय झालं ते आठवा. झाडं पडली, खांब आडवे झाले, कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. मोबाईलचे मनोरे बंद. फोनवरून पैसे देण्याची सवय लागलेल्या माणसाच्या खात्यात पैसे होते आणि हातात दूध घ्यायला दहा रुपये नव्हते. देवबागसारख्या गावाचा विचार करा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी आणि एक रस्ता. तो अडला की गाव अडलं.

म्हणून घरच्या कंपास पेटीत सुट्या नोटा ठेवा, दहा-वीस-पन्नासच्या. विहिरीच्या पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या, टॉर्च, मेणबत्ती-काडेपेटी, सगळ्यांची औषधं लिहिलेला कागद. आधारकार्डाची लॅमिनेट केलेली झेरॉक्स. पेटीची जागा घरातल्या लहान मुलालाही अंधारात सापडली पाहिजे.

साप-विंचवासाठी काय ठेवायचं, असं नेहमी विचारतात. आपल्याकडे फुरसं आहे, घोणस आहे. त्यांच्यासाठी डबीत काहीही ठेवायचं नाही. ब्लेडनं चिरायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, दोरी आवळायची नाही. माणसाला शांत ठेवायचं, तो भाग हलू द्यायचा नाही आणि दवाखाना गाठायचा. त्या चिठ्ठीवरचा १०८ हेच औषध.

भरायची कशी, जपायची कशी

आधी सगळं उन्हात कोरडं करा. नवीन बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी येते, ती टाका. नसेल तर मिठाच्या डबीत आपण काय घालतो? भाजलेले तांदूळ. तेच कापडाच्या छोट्या पुरचुंडीत बांधून घाला. जे आधी लागेल ते सर्वांत वर. डबीला दोरी बांधा आणि दोरीचं दुसरं टोक कपड्याला. पाण्यात हातातून सुटलेली डबी तुमची राहत नाही.

आणि वर्षातून दोनदा उघडा. तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्ही सण धरलेत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायच्या आधी एकदा, आणि होळीला, म्हणजे वादळांचे महिने यायच्या आधी, दुसऱ्यांदा. सेल बदला, गोळ्यांची मुदत बघा, कापूर उडालाय का बघा. त्या दोन वर्षांत आमची डबी आम्ही एकदाही उघडली नव्हती. डबी अमेरिकेची होती हा दोष तिचा नव्हे, आळस आमचा होता.

प्रश्नोत्तरांतून

एका ताईंनी विचारलं, आम्ही मासळी विकतो, समुद्रात जात नाही, आमका ह्याचो काय उपयोग? ताई, तुम्ही पहाटे अंधारात लिलावाला जाता, रस्त्याच्या कडेनं टोपली घेऊन चालता. रेडियमची पट्टी पहिल्यांदा तुमच्या टोपलीला लागायला हवी. शिट्टी गळ्यात, चिठ्ठी कनवटीला. एवढं पुरे.

एका विद्यार्थिनीनं विचारलं, शाळेत ब्लेड चालेल का? नाही. शाळेच्या दप्तरात शिट्टी, चिठ्ठी आणि पट्टी एवढंच. धारेची वस्तू मोठ्यांच्या डबीत.

मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, आमी पन्नास वर्सां दर्यात गेलाव, कसली डबी नाय नि काय नाय, देवान सांभाळल्यान. आजोबा, खरं आहे. पण तुम्ही जाताना कमरेला काय असायचं? ते म्हणाले, कोयती आणि चंची. (हशा) मग आणखी काय वेगळं सांगतोय आम्ही?

शेवटी एकच विनंती. इथल्या टेबलावर तीस नळ्या ठेवल्यात, रिकाम्या, मेडिकलवाल्यांनी जमवून दिलेल्या, आणि शेजारी रेडियमचे तुकडे. जाताना प्रत्येक होडीमागे एक घेऊन जा. रिकामी नेताय, १ ऑगस्टच्या आधी ती भरा, आणि भरलेली नळी घरात नाही, खिशात ठेवा. पट्टी मात्र आत्ताच, इथेच टोपीला लावून जा. बाहेर पाऊस आहे, अंधारही झालाय, घरी जाईपर्यंतसुद्धा ती उपयोगाची आहे.